दाजींचं मशीन पुसण्याआधी

दाजी, तुमचं मशीन मी पुसलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मध्ये मध्ये बोलणार नाही. पुसलं म्हणजे पार कोरं केलं. तुमचं खातं गेलं, तुमचा तो निळा-पिवळा मेन्यू गेला, त्यातली तुटक्या अक्षरांची मराठी गेली. काल तुमच्या जाण्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं आणि त्यानंतर मशीन विहाराच्या अभ्यासिकेत खिडकीशेजारच्या टेबलावर बसवून आलो. दवाखान्यात मी तुम्हाला शब्द दिला होता, की पुसणार नाही, आधी कारण शोधीन. शब्द पाळला की मोडला ते तुम्हीच ठरवा, पण सगळं ऐकून मग ठरवा. अर्ध्यात हात वर करून "थांब थांब, तुझं चुकतंय" म्हणायची सोय आता तुम्हाला राहिली नाही, आणि मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटतंय.

काल तुमच्याबद्दल पुष्कळ जण बोलले. रेल्वेत आयुष्य काढलं, शेवटी इगतपुरीच्या स्टोअरमध्ये होते, कधी कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत, कुणाचं मन दुखावलं नाही. मी मागे खुर्च्या मांडत उभा होतो. मनात म्हटलं, माझं दुखावलंय की हो या माणसाने. दर रविवारी दुखावलंय. दुकान बंद ठेवून मी तुमच्याकडे यायचो आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या कामात चुका काढायचात. पण हे माईकवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज तुम्हालाच सांगतोय.

नात्याने मी तुमचा मेव्हणा. अक्का माझी मोठी बहीण, त्यामुळे तुमची चेष्टा करायचा आणि करून घ्यायचा माझा हक्कच होता. रिटायर झाल्यावर तुम्ही इंदिरानगरात फ्लॅट घेतलात, माझ्या दुकानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मी तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तुम्ही पहिल्या आठवड्यातच दुकानात येऊन स्टुलावर बसलात आणि विचारलंत, "पाव्हणं, आम्हाला पण एक बसवून द्या की." मी एक जुनं मशीन उचलून तुमच्या खोलीत लावलं. त्याला नवं विंडोज झेपेना, म्हणून लिनक्स नावाची हलकी सिस्टिम टाकली, आणि तुमच्या पत्त्यांच्या डावासाठी जुनं विंडोजही बाजूला राहू दिलं. आता एका मशीनमध्ये दोन बिऱ्हाडं झाली, की चालू करताना ते विचारतं, कुठल्या घरात जायचंय? काळ्या पडद्यावर दोन-चार ओळींचा मेन्यू येतो. हा मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रामला ग्रब म्हणतात. बाकीच्यांच्या आयुष्यात तो डोळ्याची पापणी लवेपर्यंतच असतो. तुम्ही मात्र तिथेच मुक्काम ठोकलात.

तो मेन्यू माउसने बदलायचं एक टूल मिळतं. रंग बदला, नावं बदला, खालची ओळ वर घ्या. ते तुम्हाला कुठून सापडलं कोण जाणे. सापडलं त्या दिवसापासून माझे रविवार गेले. फोन यायचा.

"पाव्हणं, मेन्यूतून विंडोज गायब झालं."

"काय केलंत?"

"काय नाय केलं."

"ते टूल उघडलं होतंत?"

"उघडलं होतं. पण काय नाय केलं."

अक्का म्हणायची, विलासला बोलवायला हे मुद्दाम बिघडवतात. मी तिला सांगायचो, नाही गं, ते खरोखरच बिघडवतात, अगदी मनापासून. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं की ते टूल काढून टाका, दोन ओळी बदलायच्या तर मेन्यूच्या फाईलमध्ये हाताने बदलू. ते टूल आपल्या मर्जीने काय काय कुठे कुठे कोंबतं ते मलाही सगळं कळत नाही. तुम्ही म्हणायचात, "तुला फाईल दिसते, मला बटण दिसतं. ज्याला जे दिसतं त्याने ते वापरावं." वर चहा मागवायचात. चहा आला की भांडण पुढच्या कपापर्यंत टिकायचं.

एकदा मी चिडून विचारलं होतं, एवढं काय आहे हो त्या मेन्यूत? कॉम्प्युटर चालू झाल्यावर लोक काहीतरी काम करतात, तुम्ही नुसता चालू होताना बघत बसता. तेव्हा आपण सुरगाण्याहून परत येत होतो. तिथल्या एका आश्रमशाळेतली जुनी मशीनं बघायला मला तुम्हीच ओढत नेलं होतंत, तुमच्या कुठल्याशा ओळखीच्या सरांनी सांगितलं म्हणून. दिवसभर लाईट येत-जात राहिली, अर्धी मशीनं उठली, अर्धी नाही. येताना जीपमध्ये एक बिघडलेला सीपीयू तुम्ही मांडीवर घेऊन बसला होतात, आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला त्याला दोन्ही हातांनी कवटाळत होतात. तुम्ही म्हणालात, "त्या शाळेतली मशीनं बघितली ना? चालू केली की सरळ आत. विचारतच नाय. मला ते आवडत नाय. आयुष्यभर मला कोणी विचारलं नाय, मधुकर, तुला काय पाहिजे. बदलीची ऑर्डर आली, गेलो. हे मशीन रोज सकाळी विचारतं. मग मी जरा वेळ लावणारच."

 तुमच्या मेन्यूला लावलेली दहा सेकंदांची मुदत मी पुढच्याच रविवारी काढून टाकली. माणसाने बटण दाबेपर्यंत मशीन थांबून राहील असं केलं. अक्का वैतागली, कारण मशीन चालू करून ती कुकर लावून यायची तरी ते आपलं तिथेच. पण तुमचा चेहरा काय खुलला होता! ते मला आवडलं होतं, हे मी तुम्हाला कधी बोललो नाही.

मग मराठीचं भांडण. तुम्ही त्या मेन्यूत "दाजींचं लिनक्स" आणि "पत्त्यांचं विंडोज" अशी नावं टाकलीत. टूलमध्ये ती झकास दिसली. मशीन चालू केलं तर वेलांटी भलत्याच जागी, जोडाक्षरांचे तुकडे. मी समजावलं की त्या वेळी मशीन अर्धवट जागं असतं, मराठी अक्षरं जुळवायची अक्कल त्याला अजून आलेली नसते.

"मग शिकव त्याला."

"ते माझ्या हातात नाही, दाजी. रोमनमध्ये लिहा, नीट दिसेल."

"माझ्या घरातलं मशीन, माझ्या पैशाची लाईट, आणि नाव रोमनमध्ये?"

"अहो, वाचता येत नाही ते!"

"मला येतं."

हे भांडण मिटलं नाही. तुमचं "मला येतं" आणि माझं "मग मला कशाला बोलावता" एवढ्यावर प्रत्येक वेळी अडायचं. परवा तुमच्या मशीनपुढे बसलो असताना मला एकदम सुचलं, की मेन्यूच्या मागे चित्र लावता येतं. चित्रातच सुंदर मराठी अक्षरं काढायची, नीट, सगळ्या वेलांट्या जागच्या जागी, आणि पुढच्या ओळी रिकाम्या ठेवायच्या. इतकं सोपं होतं हो. हे सुचलं आणि सवयीने मी शेजारच्या खुर्चीकडे वळलो. मला पुढे काही काम सुधरलंच नाही.

खरं भांडण मात्र वेगळंच होतं, आणि ते माझ्या धंद्याशी होतं. दुकानात मशीन आलं की मी गिऱ्हाईकाला एकच विचारतो, आत काही महत्त्वाचं आहे का? नाही म्हणाला की फॉरमॅट मारतो. संध्याकाळी घेऊन जा. काय बिघडलं होतं ते त्यालाही नको असतं आणि मलाही. तुमच्याकडे पहिल्यांदा मी तसाच पेनड्राइव्ह खोचला, तर तुम्ही माझं मनगट धरलंत.

"काय करतोस?"

"पुसून नवं टाकतो. तासाभरात चकाचक."

"पण कारण काय झालं?"

"कारणाला काय चाटायचंय? चालू झाल्याशी मतलब."

तुम्ही मनगट सोडलं नाहीत. स्टोअरमधली गोष्ट सांगितलीत. रेल्वेची साधी बादली जरी कंडम करायची झाली तरी कारण लिहावं लागतं. "फुटली" हे कारण होत नाही. का फुटली ते लिहा. कुठे आदळली, की पत्राच कच्चा होता, की कुणी पाण्याऐवजी तीत खडी भरली. कारण असल्याशिवाय साहेब सही करत नाय, आणि सहीशिवाय बादली स्टोअरच्या बाहेर जात नाय. "कारण सापडलं की खुशाल कंडम कर. मी हू का चू करणार नाय." मी म्हटलं, दाजी, मी रेल्वे नाही. तरी बसलो. दुपार गेली, कारण सापडलं, अगदी चिल्लर होतं. तुम्ही असे खूश झालात जसं काही तुम्हीच शोधलं.

तुम्हाला वाटायचं मी कंटाळून बसतो. दाजी, आठवडाभर मी दुकानात मशीनं पुसायचो. एखादी गोष्ट शेवटापर्यंत समजून घ्यायचं काम माझ्या वाट्याला फक्त तुमच्या खोलीत यायचं. मी रविवारी तुमच्यासाठी येत होतो. अक्काची बाजरीची भाकरी हे निमित्त होतं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता जे बोलणार आहे ते ऐकून घ्या, कारण मला तुमचा फार राग आलाय. बादलीचं कारण विचारणारा माणूस स्वतःच्या पोटाचं कारण शोधू देत नाही, याला काय म्हणायचं? या उन्हाळ्यापासून तुमचं जेवण कमी झालं होतं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं. माझ्याशी वाद घालताना तुम्ही डावा हात बरगडीखाली दाबून धरायचात. मी विचारलं तर म्हणालात, "गॅस आहे रे." अक्का तपासून या म्हणाली तर "बघू". तुमच्या लेकीने, प्रीतीने, बंगळूरहून फोनवर डोकं खाल्लं तर तिला "पुढच्या महिन्यात". दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट बघून अक्काला बाहेर बसायला सांगितलं आणि मला आत बोलावलं. बाहेर येऊन मी अक्काला काय सांगायचं, याचा विचार तुम्ही कधी केला होतात का?

त्या दुपारी अक्का घरी कपडे आणायला गेली होती. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "मशीन."

"त्याला काय झालं?"

"काळा पडदा येतो. नुसतं ग्रब लिहिलेलं येतं, पुढं टिमटिम. मेन्यूच येत नाय."

"येऊ द्या तुम्ही घरी. फॉरमॅट मारू एकदाचं."

"पुसू नको." तुमचा आवाज एवढासा झाला होता. "कारण शोध."

"बरं."

"बरं नको. शब्द दे."

मी शब्द दिला. दाजी, त्या वेळी माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की तुम्ही सहा महिन्यांपूर्वी स्वतःचं कारण शोधू दिलं असतंत तर आपण आज घरी भांडत बसलो असतो. मी गिळलं ते. तुमच्या पायावरची चादर नीट केली आणि पाणी हवंय का विचारलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

आपल्यात पुण्यानुमोदनाच्या वेळी, गेलेल्या माणसाच्या नावाने काही दान देतात ते तुम्हाला माहीतच आहे. विहारातले निम्मे पंखे आणि पाण्याचा कूलर कुणा ना कुणा कालकथितांच्या स्मरणार्थ आहेत. कमिटीचे गुरुजी भेटायला आले, जय भीम झाला, मग हळूच म्हणाले, काय द्यायचं मनात आहे का ताई? अक्का लगेच म्हणाली, "त्यांचा कॉम्प्युटर घ्या अभ्यासिकेला. विलास चालू करून देईल." मी समोर बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यापासून ती अशीच वागत होती. माझ्याशी बोलायचं तर दुसऱ्याच्या तोंडून. "विलासला चहा द्या." "विलासला सांगा दार लावून घे." मला वाटलं दुःखाने असं होतं. रडतही नव्हती. आलेल्या बायका तिला धरून रडायच्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. मी आपला तुमच्या खोलीत जाऊन बसलो, कारण मला तेवढंच जमण्यासारखं होतं.

मशीन चालू केलं. तुम्ही म्हणालात तसंच, काळा पडदा, ग्रब, पुढे टिमटिम. मेन्यू नाही. मी हाताने कमांड लिहून त्याला सांगितलं की लिनक्स अमुक ठिकाणी आहे, उचल आणि चल. तर चाललं की! तुमचं नाव आलं, पासवर्ड टाकला. तो घरात सगळ्यांनाच माहीत होता, प्रीतीचा वाढदिवस. आत गेलं, आणि जाऊन पुन्हा बाहेर. पुन्हा तुमचं नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा बाहेर. मला वाटलं पडद्याच्या कार्डाचा घोळ आहे. त्यात एक दिवस घालवला. मग रॅम काढून पुसली, केबल बदलली. मग तुमच्या टूलवर संशय घेतला आणि त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. अक्का दारातून चहा ठेवून जायची. कप टेकवल्याचा आवाज तेवढा यायचा.

कार्यक्रम तोंडावर आला होता. पेनड्राइव्ह माझ्या खिशातच होता. एका दुपारी खोचलासुद्धा. पार शेवटच्या पायरीपर्यंत गेलो, जिथे ते विचारतं की डिस्कवरचं सगळं पुसायचं, नक्की ना? तासाभराचं काम. अक्काची जबान राहिली असती आणि तुम्ही बघायला येणार नव्हतात. पण माझ्याच्याने ते बटण दाबवेना. मी रागाने पेनड्राइव्ह उपटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ठरवलं, आता अंदाज बांधायचे नाहीत. मेन्यू नव्याने तयार करायची कमांड काळ्या पडद्यावरूनच द्यायची आणि मशीन काय बोलतं ते एकेक ओळ वाचायची, तुम्ही वाचायला लावायचात तसं, बोट ठेवून. तिसऱ्या का चौथ्या ओळीत त्याने साधं सरळ सांगितलं, की डिस्कवर जागा शिल्लक नाही. दाजी, मी मोठ्याने हसलो. दुःखाच्या घरात, दुपारच्या वेळी, एकटाच. जे वाक्य मी रोज गिऱ्हाईकांना ऐकवतो ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डिस्क काठोकाठ भरली होती, त्यामुळे शेवटी तुम्ही मेन्यूत काहीतरी बदललंत तेव्हा तो लिहायलाच जागा उरली नाही, आणि कोरी फाईल तयार झाली. कोऱ्या मेन्यूतून मशीन काय दाखवणार? आपलं नाव सांगून गप्प बसायचं. आत जाऊन बाहेर यायचं तेही त्याच कारणाने. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि जागा खाल्ली होती कशाने? तुमच्या प्रतींनी. मेन्यूला हात लावण्याआधी तुम्ही सगळ्या सिस्टिमची एक प्रत काढून ठेवायचात. बदल झाला की आणखी एक. एका ओळीचा रंग निळ्याचा पिवळा करायचा तर आधी सगळं घर जसंच्या तसं बांधून शिलकीत ठेवायचं. अस्सल स्टोअरकीपर! प्रतीवर प्रत, प्रतीवर प्रत. काही बिघडू नये म्हणून इतकं जपलंत की ज्याच्यासाठी जपलं त्यालाच जागा राहिली नाही. माझं हसू तिथेच थांबलं. एका मेन्यूची इतकी काळजी, दाजी. एका टिनपाट मशीनची. मी तुमच्या टेबलावर डोकं टेकून रडलो. आणि रडताना तुम्हाला शिव्याही दिल्या, ते लपवत नाही.

मग जुन्या प्रती काढल्या, जागा केली, मेन्यू नव्याने लिहिला, मशीन परत चालू केलं. निळ्यावर पिवळ्या ओळी आल्या. वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरांचे तुकडे. मला वाचता आलं.

अक्काला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, डिस्क, प्रती, कोरी फाईल. 

"म्हणजे जपून ठेवता ठेवता बिघडलं," ती म्हणाली.

"हो."

"आता पूस."

"अक्का, मी त्यांना शब्द दिलाय."

"कशाचा? कारण शोधायचा ना? सापडलं. मग ते स्वतःच म्हणायचे, की खुशाल कंडम कर. दुसऱ्याला द्यायची वस्तू कोरी करून द्यावी. अभ्यासाची पोरं येणार तिथं, त्यांनी ह्यांच्या पत्त्यांच्या डावात कशाला अडकायचं? बाहेरून नावाची पट्टी लावतील ते गुरुजी. आत काय ठेवू नको."

प्रीतीसाठी फोटो तेवढे काढून घेतले. मग पेनड्राइव्ह खोचला आणि त्या शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं. एक पट्टी सुरू झाली, डावीकडून उजवीकडे सरकणारी. अक्का स्वयंपाकघरात जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. पलंगाच्या कडेला, माझ्या शेजारी बसली. पट्टी निम्म्यावर गेली तेव्हा म्हणाली,

"विलास, खरं सांग. तुला माहीत होतं ना?"

"काय?"

"त्यांच्या पोटाचं. दर रविवारी दार लोटून बसायचे तुम्ही दोघं. तासन् तास. मला हाकलून द्यायचे, की आमचं काम चाललंय. तुला बोलले असतील. मला काय, मी घाबरेन म्हणून नसतील बोलले."

तेव्हा मला कळलं, ती माझ्याकडे का बघत नव्हती.

"नाही गं अक्का. आईची शप्पथ. मला फक्त गॅस म्हणाले."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"तुला पण गॅस?"

"मला पण गॅस."

"मला वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं, मला एकटीलाच सांगितलं नाय."

मग ती रडली, दाजी. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. मध्येच हसायचीही, "गॅस म्हणे, गॅस," म्हणून, आणि पुन्हा रडायची. मी तिचा हात धरून बसलो होतो. मशीन पुसून कधी झालं ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. उठली तेव्हा तिने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "भाकरी टाकू का? तू पण सकाळपासून काय खाल्लेलं नाय."

तुम्ही आम्हाला दोघांनाही सारखंच फसवलंत. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, आणि इतक्यात करणारही नाही. पण अक्का आता माझ्याशी बोलते, दाजी.